आबदाराची व्हिस्की-सोडा

रिसोडच्या डॉक्टरांनी कानातली नळी काढली, पंचफुलाने ओतलेल्या पाण्याखाली हात धुतले आणि पुसायला काही मिळतं का ते शोधत म्हणाले, "आता पथ्य राहू द्या. त्यांना जे खावंसं-प्यावंसं वाटेल ते द्या."

शहरात या वाक्याचे दोन-चार अर्थ होत असतील. केनवडच्या पलीकडे दोन कोसांवर असलेल्या त्या लहानशा गावात मात्र एकच होत असे. डॉक्टरांची फटफटी शिवेबाहेर पडायच्या आत सोजरबाईंनी पदर डोळ्यांना लावला, पंचफुलाने चुलीवरची भाजी उतरवून ठेवली आणि रामकिसन मास्तरांनी आसेगावला आत्याकडे निरोप धाडला. शेजारचा एक जण तर बांबू कुठे तोडायला मिळतील याची चौकशी करून आला. तो माणूस वाईट नव्हता, फक्त घाईचा होता.

खाटेवर इंद्रभान पडले होते. महिनाभरात पायांवरची सूज पोटापर्यंत चढली होती, अन्न सुटलं होतं आणि गेले अकरा दिवस ते उठून बसलेही नव्हते. सोजरबाईंनी नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला.

"काय खावसं वाटते जी? शिरा करू? बोरं आनू का शिवारातून?"

इंद्रभान आढ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "व्हिस्की-सोडा."

"काय म्हनलं बाबानं?" रामकिसनने विचारलं.

"सोडा मांगून राह्यले," पंचफुला म्हणाली. "खायचा सोडा हाय ना घरात. मामाजी, किती घालू? चिमूटभर?"

म्हाताऱ्याने डोळे मिटले. त्या मिटण्यात इतकं दुःख होतं की सोजरबाईंना वाटलं, आटोपलं. त्यांनी हंबरडा फोडला. तेव्हा इंद्रभानांनी एक डोळा उघडला आणि तो हंबरडा थांबेपर्यंत उघडाच ठेवला.

इंद्रभान बावीस वर्षं कामठीच्या छावणीत आबदार होते. आबदार म्हणजे साहेबांच्या मेसमध्ये प्यायच्या सगळ्या वस्तू ज्याच्या हाती असतात तो माणूस. वर्षातून एक महिना ते गावी येत, उरलेले अकरा महिने गोऱ्या साहेबांचे ग्लास भरत. साहेब लोक विलायतेला गेले आणि इंद्रभान गावी परत आले, त्याला आता बारा वर्षं झाली होती. या बारा वर्षांत त्यांनी शेती केली. ती त्यांना जमली नाही. गावातल्या कोणाशी फार बोलणंही त्यांना जमलं नाही. कामठीत या माणसाने हौदच्या हौद रिकामे केले असणार, असं सगळं गाव समजून होतं. सोजरबाईंची तर खात्रीच होती.

रामकिसन खाटेजवळ टेकले. ते गावच्या शाळेत मास्तर होते आणि गावच्या दारूबंदी प्रचार मंडळाचे चिटणीस होते. महिन्यापूर्वीच त्यांनी पोरांच्या हातात पाट्या देऊन केनवडपर्यंत फेरी काढली होती. 'बाटली फोडा, संसार जोडा' ही घोषणा त्यांनी स्वतः तयार केली होती आणि ती लोकांना आवडली होती.

"बाबा, दारूबंदी हाय. कायदा हाय," ते हळूच म्हणाले.

"कायदा जित्या मानसाले असते."

"मंग ब्रँडी चालन का? डॉक्टर चिठ्ठी देतीन. औषध म्हनून भेटते थे."

"ब्रँडी बिमार मानसासाठी असते," इंद्रभान म्हणाले. "म्या बिमार नाही. म्या मरून राह्यलो."

रामकिसनांनी सायकल काढली.

त्या भागात परवान्याची व्हिस्की एकाच घरी होती, केनवडला बबनराव देशमुखांकडे. त्यांच्या हृदयाला काहीतरी झालं होतं आणि त्या काहीतरीसाठी सरकारने त्यांना परवाना दिला होता. फेरीच्या दिवशी रामकिसन मास्तरांनी भाषण केलं ते देशमुखांच्या घरासमोरच्या पारावर.

बबनराव ओसरीवर एकटेच बसले होते. बाई जाऊन तीन वर्षं झाली होती, लेकी सासरी होत्या. घरात कुठे भांडंही वाजत नव्हतं. रामकिसनने खाली मान घालून सगळं सांगितलं.

"मास्तर," बबनराव म्हणाले, "थ्या दिवशी तुमी भाषनात माह्यं नाव नोतं घेतलं."

"नाही जी, भाऊसाहेब."

"पर बोट माह्या घराकडं होतं."

रामकिसनांची नजर समोरच्या पारावर गेली.

"काय म्हनलं होतं तुमी? दारू पिनारा मानूस म्हंजे काय?"

"...समाजाले लागलेली वाळवी."

"बरं. मंग आता वाळवीच्या घरी आले तुमी."

"आलो जी."

रामकिसनला वाटलं, आता हा माणूस हसेल किंवा हाकलून देईल. बबनरावांनी यातलं काहीच केलं नाही. उठून आत गेले आणि औषधाची एक रिकामी बाटली घेऊन आले. तिच्यावर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी अजून चिकटलेली होती. तिच्यात त्यांनी आपल्या बाटलीतली व्हिस्की ओतली, अर्धी भरेपर्यंत.

"परवान्याची बाटली देता येत नाही. असी ने. आन् नुसती नको पाजजो बुढ्याले, सोडा टाकजो. आतडं जाळते नुसती." मग बाटलीला बूच लावत म्हणाले, "नीट बसून पेले तर मले निरोप देजो. म्या एकलाच बसून पेत असतो इथं. बोलायले मानूस नाही."

रामकिसनला त्या क्षणी आपलं भाषण आठवलं आणि आपण ते इतक्या मोठ्याने का केलं, असं त्यांना वाटलं.

सोडा मिळायला हवा होता बाजारातल्या फुलचंदकडे. पण दिवस थंडीचे होते. गोटी सोड्याचं यंत्र फुलचंदने दिवाळीलाच गोणपाटात गुंडाळून ठेवलं होतं.

"एका लग्नाच्या दोन बाटल्या उरल्या हायेत," तो म्हणाला. "पर थंडीत सोडा कायले मास्तर?"

"बाबाच्या पोटात वायू धरला."

"अरे अरे! मंग दोनी न्या. आन् सायकलीवर हळू न्या बरं, लय हालवल्या तं भडकते थो."

रामकिसनांनी दोन्ही बाटल्या पिशवीत घालून दांडीला अडकवल्या. रस्ता पावसाळ्यात बैलगाड्यांनी फाडला होता आणि तेव्हापासून तो कोणीच शिवला नव्हता. दोन कोसभर त्या बाटल्या पिशवीत नाचत आल्या.

घरी पोचेपर्यंत माणूस गेल्यासारखीच गर्दी जमली होती. आसेगावची रंगूआत्या मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी आली. मोटारीतून उतरली ती रडतच, हातात गंगाजळाचं लाखबंद गडवं घेऊन. त्यामुळे बेत दुसऱ्या दिवशी दुपारवर गेला. बाटलीवर डोसाच्या खुणा होत्या, म्हणून सगळ्यांना सांगितलं, औषध आणलं आहे.

पंचफुलाने घासून लखलखीत केलेलं पितळी फुलपात्र पुढे केलं. इंद्रभानांनी त्याच्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"आता काय झालं?" सोजरबाई म्हणाल्या.

"काचीचा गिलास पायजे. पितळंत रंग दिसत नाही. रंग न पाहता माप कसं समजन?"

"कंदिलाची काच चालन का?" पंचफुलाने विचारलं. "खालून कनीक लावतो न."

म्हातारा भिंतीकडेच तोंड करून राहिला.

सबंध गावात काचेचा ग्लास एकच होता. तो शाळेच्या कपाटात असे. तपासणीला साहेब आले म्हणजे त्यांना पाणी द्यायला. कपाटाची किल्ली असे हेडमास्तर जगदेव गुरुजींच्या कमरेला. जगदेव गुरुजी दारूबंदी प्रचार मंडळाचे अध्यक्ष होते. रामकिसनला शाळेत लावून घेतलं होतं ते त्यांनीच, आणि काढू शकणारेही तेच होते.

"गुरुजी, बाबांना औषध मोजून द्यायचं आहे," रामकिसन म्हणाले. "काचेचा ग्लास दोन घटकांसाठी मिळाला तर..."

गुरुजींचे डोळे पाणावले. "अरे, मागतोस काय! मी स्वतः घेऊन येतो. मलाही त्यांना भेटायचंच होतं."

"तुमी कायले तरास घेता, गुरुजी..."

"त्रास कसला?" म्हणत गुरुजींनी टोपी नीट केली आणि ते पुढे चालू लागले. रामकिसन त्यांच्यामागून असे चालत होते की पाहणाऱ्याला वाटावं, प्रेत उचललं आणि हा मडकं धरायला निघाला.

घरात एक खुर्ची होती. ती गुरुजींना दिली. खाटेच्या एका बाजूला रंगूआत्या गडवं घेऊन बसली होती, दुसऱ्या बाजूला सोजरबाई. दारात शेजारीपाजारी. इंद्रभानांनी ग्लास पाहिला आणि त्यांचे ओठ हलले.

"आनली का व्हिस्की?"

"वातात बोलून राह्यले," रामकिसन घाईने म्हणाले.

"बोलू दे," गुरुजी म्हणाले. "काय म्हणाले ते?"

"विष्णू म्हनले," पंचफुलाने सांगितलं. गुरुजींनी हात जोडले.

रामकिसनने औषधाची बाटली ग्लासात उलटी केली. ग्लास अर्धा भरला.

"दोन बोटं!" खाटेवरून आवाज आला. "दोन बोटं, गधड्या!"

रामकिसनने ग्लासात दोन बोटं बुडवली.

इंद्रभानांच्या तोंडून असा काही आवाज निघाला की रंगूआत्याने गडव्याची लाख फोडायला घेतली. गुरुजी पुढे वाकले. "औषधाला वास बराच उग्र आहे रे."

"विलायती हाय, गुरुजी," रामकिसन म्हणाले. एवढं तरी खरं होतं.

मग त्यांनी सोड्याची बाटली घेतली आणि अंगठ्याने गोटी दाबली. आदल्या दिवशी दोन कोस नाचलेली आणि रात्रभर चुलीच्या उबेला ठेवलेली ती बाटली याच क्षणाची वाट पाहत होती. फवारा आधी आढ्याला लागला, मग गुरुजींच्या टोपीला, मग रंगूआत्याच्या तोंडाला. रामकिसन दचकून मागे सरले, त्यांचा कोपर ग्लासाला लागला आणि अर्धा ग्लास व्हिस्की इंद्रभानांच्या गोधडीवर सांडली. ग्लास गोधडीवरच पडला म्हणून फुटला नाही.

वास घरभर पसरला. दारातल्या दोघा-तिघांनी तो ओळखला आणि ओळखलाय असं न दाखवता नाकाला लावलेलं उपरणं खाली घेतलं. जगदेव गुरुजी टोपी हातात घेऊन उभे राहिले. टोपीतून पाणी ठिबकत होतं.

"रामकिसन," ते म्हणाले, "हे काय आहे?"

रामकिसनला नोकरी दिसली, चौकी दिसली, पाट्या घेतलेली पोरं दिसली.

"हटो," खाटेवरून कोणीतरी म्हणालं.

इंद्रभान उठून बसले होते. अकरा दिवस ज्याला कूस बदलायला माणूस लागत होता तो म्हातारा खाटेच्या काठावर सुजलेले पाय सोडून बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर मरणापेक्षा संताप जास्त होता. "टावेल द्या. धुतलेला."

पंचफुलाने धुतलेला पंचा दिला आणि पाठीला आधार देऊन उभी राहिली. इंद्रभानांनी पंच्याची घडी डाव्या हातावर घेतली. ग्लास धुवून मागितला, पुसला, दारातल्या उजेडाकडे धरून पाहिला, पुन्हा पुसला. "बसा, साब," ते गुरुजींना म्हणाले. ते बोलणं असं होतं की गुरुजी बसले.

औषधाच्या बाटलीत थोडीच उरली होती. त्यांनी ग्लासाबाहेरून दोन बोटं आडवी लावली आणि तेवढ्यापर्यंत व्हिस्की ओतली. एक थेंब वर नाही, एक थेंब खाली नाही. मग दुसरी सोड्याची बाटली पंच्यात धरून गोटी थोडी दाबली. बाटलीने एक लांब सुस्कारा सोडला. पुन्हा थोडी, पुन्हा सुस्कारा. मग ग्लास तिरपा करून काचेवरून सोडा हळूहळू खाली जाऊ दिला. बुडबुडे वर आले, रंग उजळत गेला आणि काठाच्या एक बोट खाली येऊन सगळं थांबलं. ज्या माणसाला औताचा फाळ कधी नीट बसवता आला नाही, त्याला गावाने पहिल्यांदाच काहीतरी नीट करताना पाहिलं.

पंचफुलाच्या खांद्याचा आधार घेऊन इंद्रभान उभे राहिले. ग्लास ताटलीत ठेवला. आता घेतील असं सगळ्यांना वाटलं. पण ते उभे राहून इकडे तिकडे पाहू लागले, कोणाला तरी शोधत असल्यासारखे. मग त्यांची नजर खुर्चीवर गेली. ते तीन पावलं चालले आणि वाकून ताटली पुढे केली.

"साब."

जगदेव गुरुजींचा चेहरा पांढरा पडला. "इंद्रभानजी, मी... मी मंडळाचा अध्यक्ष आहे."

"हां, साब. बडा पेग."

गुरुजी ग्लासाकडे पाहत राहिले. दारातले लोक गुरुजींकडे पाहत राहिले. ताटली हलू लागली, ग्लास तिच्यावर किणकिणू लागला. म्हाताऱ्याच्या कपाळावर घाम आला. ज्याला ग्लास द्यायचा तो घेत नाही, असं बावीस वर्षांत बहुधा कधी झालं नसावं. त्यांच्या डोळ्यांत हळूहळू भीती उतरली.

"गुरुजी, उठा," सोजरबाई म्हणाल्या.

"काय?"

"उठा म्हनलं न."

गुरुजी उठले. सोजरबाई त्या खुर्चीवर बसल्या. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती. नवऱ्यासमोर खुर्चीवर त्या कधी बसल्या नव्हत्या. पाय जमिनीला पुरत नव्हते. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हात पुढे केला.

"आना इकडं."

इंद्रभानांनी क्षणभर पाहिलं. मग ताटली तिकडे वळवली, तशीच वाकून. "मेमसाब," ते म्हणाले.

"अगं माय माय माय," रंगूआत्या म्हणाली.

सोजरबाई प्यायल्या. न थांबता, काढा पितात तशा, शेवटपर्यंत. डोळ्यांतून पाणी आलं. पण त्या घरात त्या दिवशी डोळ्यांतल्या पाण्याचं कोणाला नवल नव्हतं.

"कसा झाला?" इंद्रभानांनी विचारलं.

"बेस झाला."

"आजून देऊ का?"

सोजरबाईंनी रिकाम्या ग्लासाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "द्या," त्या म्हणाल्या.

त्यांनी दुसरा तितक्याच मन लावून केला. तोही सोजरबाई प्यायल्या. बाटली संपली. तेव्हा रंगूआत्याला राहवलं नाही. "दादा, एक घोट तं तू घ्यायचा होता! तुह्यासाठी एवढं केलं पोरानं."

"ड्यूटीवर घेत नसते," इंद्रभान म्हणाले.

"कामठीले तं पेतच होता न?"

"कधीच नाही. आबदार पेला की माप गेलं."

"मंग मांगितली कायले, बाबा?" रामकिसन रडवेल्या आवाजात म्हणाले. "देशमुखाच्या दारी जाऊन आलो म्या!"

"व्हिस्की-सोडा पायजे म्हनलं होतं," म्हातारा खाटेवर पडत म्हणाला. "प्यायची हाय असं म्हनलं होतं का म्या? तुमी पुसलंच नाही." आणि पंच्याची घडी छातीवर ठेवून त्यांनी डोळे मिटले. त्यांना लगेच झोप लागली.

जगदेव गुरुजी दारापर्यंत गेले. रामकिसन मागोमाग गेले, मान खाली घालून. गुरुजींनी ओली टोपी पिळली आणि डोक्यावर ठेवली.

"रामकिसन, मी आज इथं आलोच नव्हतो."

"हाव, गुरुजी."

"ग्लासही आला नव्हता. तो चिंच लावून नीट धू आणि शाळेत आणून ठेव. परवा तपासणी आहे." दोन पावलं जाऊन ते परत फिरले. "माणूस काम चांगलं करतो रे. सोडा एवढा शांत कसा राहिला हातात त्यांच्या?"

चौथ्या दिवशी दुपारी इंद्रभान गेले. शेवटचं तोंडात पडलं ते गंगाजळच, असं रंगूआत्याने सगळ्या पाहुण्यांना सांगितलं आणि ते खरंही होतं. बबनराव देशमुख काठी टेकत मातीला आले आणि सगळे गेल्यावरही बराच वेळ तिथेच बसून राहिले. बांबू कुठे मिळतात ते शेजाऱ्याला ठाऊक होतंच, त्यामुळे कशाला उशीर झाला नाही.

तेरावं झाल्यावर पाहुणे पांगले. दुपारी सासू-सुना दोघीच घरात होत्या. पंचफुला तूर निवडत होती. तिच्या मनात इतके दिवस एकच गोष्ट घोळत होती, पण सुतकात विचारायची कशी?

"आत्याबाई," ती म्हणाली, "थे कशी लागते जी?"

"काय?"

"थेच. मामाजीनं देल्ली थे."

सोजरबाईंनी दाराकडे पाहिलं. बाहेर कोणी नव्हतं.

"कडूजहर. नरड्यापासून बेंबीपर्यंत जाळ गेला नुसता. तीन दिवस जेवन गेलं नाही मले. साहेब लोकायनं राज्य काहून सोडलं थे समजलं."

"मंग बेस झाला काहून म्हनलं?"

"मंग काय म्हनू? थे उभे होते न समोर."

पंचफुलाने थोडी तूर निवडली. "पर आत्याबाई, दुसराबी काहून मांगला मंग?"

सोजरबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"बेचाळीस वर्सं वाढून राह्यली बाप्पा म्या त्यायले," त्या म्हणाल्या. "आजून देऊ का, असं मले कोनं पुसलं कधी? पहिल्यांदा पुसलं त्यायनं. नाही कसं म्हनू?"